डेटाबेस एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना गाडी नेमकी कुठे अडते

डेटाबेस हलवायची एका ओळीची कमांड बहुतेकांना पाठ असते:

मायएसक्यूएलडम्प ग्रंथालय | जीझिप | एसएसएच नवा-सर्व्हर "गनझिप | मायएसक्यूएल ग्रंथालय"

(‘ग्रंथालय’ हे इथे डेटाबेसचं नाव.) चालली तर पाच मिनिटांत काम फत्ते. अडली, तर मात्र माणूस तासन् तास अंदाज बांधत बसतो. कारण या एका ओळीत पाच कामं कोंबलेली आहेत: जुन्या डेटाबेसशी जोडणी, डेटा बाहेर काढणं, तो कॉम्प्रेस करणं, एसएसएच या सुरक्षित जोडणीतून पलीकडे पोचवणं आणि तिथे भरणं. यातलं शेवटचं काम कोलमडलं की पाइप (एका कमांडचा माल थेट पुढच्या कमांडला देणारी ‘|’ ही खूण) तुटतो आणि डम्प, म्हणजे डेटा बाहेर काढणारी ती पहिली कमांड, ओरडतो, ‘गॉट एर्नो ३२ ऑन राइट’. हा ३२ म्हणजे ब्रोकन पाइप. डम्पमध्ये काही बिघडलेलं नसतं, त्याचा माल घेणारा पलीकडे उरलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ. लोक मात्र डम्पचेच पर्याय बदलत राहतात.

म्हणून माझं ठाम मत असं, की अडचण आली की पहिल्यांदा ही ओळ तोडा. डम्प, म्हणजे डेटाबेसची बाहेर काढलेली प्रत, फाइलमध्ये घ्या, फाइल पाठवा, मग भरा. जागा आणि वेळ थोडा जास्त लागतो, पण कोणतं काम अडलंय ते लगेच कळतं.

पुण्यात हे काम सतत निघतं. पेठांमधली ग्रंथालयं, क्लासेस, भोसरी-चाकणचे लघुउद्योग, सहकारी सोसायट्या यांचा डेटा वर्षानुवर्षं ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका मशीनवर असतो आणि आता तो क्लाउडवर न्यायचा असतो: अ‍ॅमेझॉनच्या मुंबई विभागात, किंवा अ‍ॅझ्यूरच्या ‘सेंट्रल इंडिया’ विभागात, जो पुण्यातच आहे. खालचं सगळं मुख्यतः मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेस सॉफ्टवेअरना धरून आहे, शेवटाकडे पोस्टग्रेस या तिसऱ्याबद्दल थोडं. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायच्या.

सुरुवात करण्यापूर्वी

दोन्ही सर्व्हरवर ‘सिलेक्ट व्हर्जन()’ चालवून उत्तर लिहून ठेवा. निम्म्या अडचणींचा उगम इथेच सापडतो. जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत जाणं सोपं. मायएसक्यूएल ८ मधून ५.७ मध्ये, किंवा मायएसक्यूएलमधून मारियाडीबीत जाताना काटे लागतात. ५.७ ची अधिकृत साथ ऑक्टोबर २०२३ मध्येच संपली आहे, त्यामुळे उलट दिशेनं जायची वेळ आलीच तर आधी ‘का?’ असा प्रश्न विचारून घ्या.

मग टेबलं कोणत्या इंजिनवर (डेटा साठवण्याच्या पद्धतीवर) आहेत ते पाहा. ‘शो टेबल स्टेटस’मध्ये इनोडीबी दिसलं तर निश्चिंत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मायआयसॅमची टेबलं हमखास सापडतात. ती असतील तर चालू डेटाबेसचा सुसंगत डम्प घेण्यासाठी टेबलं लॉक करावी लागतात, म्हणजे तेवढा वेळ लोकांचं काम थांबवावं लागतं.

जागेचा हिशोब नव्या सर्व्हरवर जास्त नीट करा. तिथे डम्पची फाइल असते, त्यातून तयार होणारा डेटा आणि इंडेक्स असतात, आणि मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग मुळातच चालू असतो. म्हणजे भरलेली प्रत्येक ओळ लॉगमध्येही पुन्हा लिहिली जाते आणि हा लॉग डीफॉल्टनं ३० दिवस राहतो. १० जीबीच्या डेटाबेससाठी १५ जीबी मोकळी जागा पाहून खूश होणारे इथेच फसतात. ‘डीएफ -एच’ बघा, आणि त्याबरोबर ‘डीएफ -आय’सुद्धा. जागा असून आयनोड (फाइलींच्या नोंदींसाठीच्या जागा) संपले, तरी संदेश ‘नो स्पेस लेफ्ट’ असाच येतो. डम्पच्या वेळी हाच प्रकार ‘एर्नो २८’ म्हणून दिसतो.

पायरी पहिली: जोडणी

जोडणी न होण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत. एरर २००३ आला तर त्याच्या शेवटी कंसात आणखी एक आकडा असतो, तो वाचा. तिथे १११ असेल तर जोडणी नाकारली गेली: मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर (सेवेच्या दारावर, मायएसक्यूएलचं ३३०६) कुणी ऐकत नाही. मायएसक्यूएल बंद तरी असेल, नाहीतर कॉन्फिगमध्ये बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ असेल, म्हणजे तो फक्त त्याच मशीनवरून आलेलं ऐकतो. ११० म्हणजे वाट पाहून थकलो: मध्ये फायरवॉल किंवा क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप पाकिटं गिळतोय. आणि एरर १०४५ म्हणजे ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. ही चांगली बातमी आहे, कारण नेटवर्क ठीक आहे आणि अडलंय ते फक्त नावापाशी किंवा पासवर्डपाशी.

११० आला की लगेच ३३०६ पोर्ट साऱ्या जगाला उघडून देणारे लोक आहेत. असं कृपया करू नका. उघडा ३३०६ पोर्ट शोधणारे बॉट इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. एसएसएचचा बोगदा काढा:

एसएसएच -एल ३३०७:१२७.०.०.१:३३०६ जुना-सर्व्हर

(इथला ‘-एल’ कॅपिटल.) आता तुमच्या मशीनवरचा ३३०७ म्हणजे पलीकडचा ३३०६. इथे एक खाच आहे. जोडताना होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ लिहिलंत तर लिनक्सवर मायएसक्यूएलचा क्लायंट पोर्टकडे बघतही नाही, सरळ सॉकेट फाइल वापरतो. म्हणजे पोर्ट ३३०७ दिलेला असूनही तुम्ही स्वतःच्याच मशीनवरच्या डेटाबेसशी जोडले जाता. दोन्हीकडे त्याच नावाचा डेटाबेस असेल, तर भलत्याच ठिकाणी डेटा भरून मोकळे व्हाल. बोगद्यातून जाताना नेहमी १२७.०.०.१ लिहा, आणि जोडल्यावर पहिलं काम म्हणून ‘सिलेक्ट @@होस्टनेम’ विचारून कुठे आहोत याची खात्री करा.

१०४५ मागे बहुतेकदा वापरकर्त्याचं नाव बरोबर, पण होस्ट चूक असा मामला असतो. मायएसक्यूएलच्या दृष्टीनं ‘ग्रंथपाल’@‘लोकलहोस्ट’ आणि ‘ग्रंथपाल’@‘%’ (% म्हणजे कुठल्याही मशीनवरून) या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, त्यांचे पासवर्डही वेगळे असू शकतात. ऑफिसच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत असेल, तर काल चाललेली परवानगी आज चालत नाही.

पासवर्ड देताना ‘-पी’ (लहान पी) आणि पासवर्ड यांच्यात जागा सोडली तर तो पासवर्ड न समजता डेटाबेसचं नाव समजला जातो. पासवर्डमध्ये $ किंवा ! असेल तर शेल (टर्मिनलवर कमांड वाचणारा प्रोग्राम) त्याचा आपल्या परीनं अर्थ लावतो. आणि कमांडमध्ये लिहिलेला पासवर्ड शेलच्या हिस्टरीत कायमचा राहतो. त्यापेक्षा आपल्या होम फोल्डरमधल्या ‘.माय.सीएनएफ’ फाइलमध्ये तो ठेवा आणि फाइलला ६०० परवानगी द्या. त्या फाइलमध्ये पासवर्डात # असेल तर तो अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर # पासून पुढचं सगळं टिप्पणी म्हणून सोडून दिलं जातं.

जुना क्लायंट नव्या सर्व्हरशी बोलताना एरर २०५९ दिला, तर कारण पासवर्ड पडताळणीच्या पद्धतीत आहे. मायएसक्यूएल ८ पासून डीफॉल्ट पद्धत ‘कॅशिंग_शा२_पासवर्ड’ आहे आणि जुन्या क्लायंटला ती कळत नाही. क्लायंट अद्ययावत करणं हाच खरा उपाय.

पायरी दुसरी: डम्प

माझी नेहमीची कमांड अशी:

मायएसक्यूएलडम्प --सिंगल-ट्रान्झॅक्शन --रूटीन्स --इव्हेंट्स --नो-टेबलस्पेसेस --रिझल्ट-फाइल=ग्रंथालय.एसक्यूएल ग्रंथालय

‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’मुळे इनोडीबीची टेबलं लॉक न होता एका क्षणाची सुसंगत प्रत मिळते. डम्प चालू असताना कुणी ‘ऑल्टर टेबल’ चालवलं तर मात्र ती सुसंगती मोडते. ट्रिगर (डेटा बदलताच चालणारा कोड) आपोआप येतात. स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी चालणारी कामं) येत नाहीत, ते मागावे लागतात. ‘सगळं आलं, पण रिपोर्ट चालत नाहीत’ ही तक्रार जवळजवळ नेहमी ‘रूटीन्स’ विसरल्याची असते.

‘नो-टेबलस्पेसेस’ का? ५.७.३१ आणि ८.०.२१ पासून टेबलस्पेसची (डेटा डिस्कवर कुठे ठेवलाय त्याची) माहिती काढायला ‘प्रोसेस’ हा अधिकार लागतो. शेअर्ड होस्टिंगवर तो कुणी देत नाही, आणि आपल्याला त्या माहितीची गरजही नसते.

नवा क्लायंट आणि जुना सर्व्हर अशी जोडी असेल तर ‘कॉलम_स्टॅटिस्टिक्स’ नावाचं टेबल सापडत नाही अशी तक्रार येते. ‘--कॉलम-स्टॅटिस्टिक्स=०’ लावा, संपलं. जुना सर्व्हर रेप्लिकेशनमध्ये (सर्व्हरांत सतत नक्कल चालू असणं) असेल तर ‘--सेट-जीटीआयडी-पर्ज्ड=ऑफ’ लावा, म्हणजे नव्या सर्व्हरवर जीटीआयडीची (व्यवहारांच्या ओळख-क्रमांकांची) ओळ अडणार नाही.

डम्प मध्येच ‘लॉस्ट कनेक्शन’ म्हणून थांबत असेल, एरर २०१३, आणि तो दर वेळी वेगळ्या ओळीवर थांबत असेल, तर पाइपच्या पुढचा कुणीतरी हळू आहे. सर्व्हर डेटा द्यायला तयार, पण घेणारा घेत नाही. ‘नेट_राइट_टाइमआउट’ डीफॉल्टनं ६० सेकंद असतो, तो वाढवा, किंवा आधी साध्या फाइलमध्ये घेऊन मग कॉम्प्रेस करा. दर वेळी एकाच टेबलावर, एकाच जागी थांबत असेल तर प्रकरण वेगळं आहे. तिथे टेबलच खराब झालेलं असू शकतं. सर्व्हरचा एरर लॉग उघडा आणि ‘चेक टेबल’ चालवा.

आता सगळ्यात घातक प्रकार: शांतपणे अर्धवट राहिलेला डम्प. पाइपमध्ये शेल फक्त शेवटच्या कमांडचा निकाल बघतो. डम्प निम्म्यात मेला आणि जीझिपनं मिळालं तेवढं नीट बांधून ठेवलं, तर शेलच्या लेखी सगळं यशस्वी. रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) अशा अर्धवट फाइली महिनोन् महिने साठत राहतात. बॅशच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा. आणि फाइलची शेवटची ओळ बघायची सवय लावा:

टेल -एन १ ग्रंथालय.एसक्यूएल

तिथे ‘डम्प कम्प्लीटेड’ आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. दिसली नाही तर ती फाइल पुढे नेऊ नका, तिचा आकार कितीही भरघोस असो.

क्रॉनचाच आणखी एक किस्सा. एरर आणि इशारेही लॉगमध्ये यावेत म्हणून ‘२>&१’ लावलेलं असतं, आणि त्यामुळे ‘कमांड लाइनवर पासवर्ड देणं असुरक्षित आहे’ हा इशारा डम्पच्या फाइलीतच पहिल्या ओळीत जाऊन बसतो. भरताना पहिल्याच ओळीवर सिंटॅक्स एरर. फाइलची पहिली ओळही बघा, इतकंच.

पायरी तिसरी: पोचवणं

आधी गणित करा. १० जीबीची फाइल १०० एमबीपीएसच्या लाइनवर साधारण १४ मिनिटांत जायला हवी, तीही पूर्ण वेग मिळाला तर. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर तासाहून जास्त. म्हणूनच आपल्या लॅपटॉपवर उतरवून पुन्हा चढवण्यापेक्षा सर्व्हरकडून थेट सर्व्हरकडे पाठवा. दोन्हीकडे एसएसएच असताना लॅपटॉपनं मध्ये पडायची गरज नाही. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात संध्याकाळी वीज गेली की घरचा राउटर बंद, आणि त्याबरोबर तुमचं एसएसएचचं सेशन आणि त्यात चाललेली कमांडही. मोठं काम नेहमी सर्व्हरवर टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवा. लाइन तुटली तरी काम चालू राहतं, पुन्हा जोडून पाहता येतं.

फाइल आरसिंकने पाठवा:

आरसिंक --पार्शियल --अपेंड-व्हेरिफाय ग्रंथालय.एसक्यूएल.जीझेड नवा-सर्व्हर:/बॅकअप/

तुटलं तर तीच कमांड पुन्हा द्या, उरलेलं तेवढंच जातं. पोचल्यावर दोन्हीकडे ‘शा२५६सम’ने फाइलचा ठसा काढून आकडे जुळतात का बघा. बराच वेळ काही न बोलल्यामुळे एसएसएच तुटत असेल तर ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ ६० ठेवा.

पाइपमधूनच न्यायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. एसएसएचला ‘-टी’ (लहान टी) लावू नका, त्यामुळे आभासी टर्मिनल मध्ये येतं आणि डेटातले बाइट बदलतात. आणि डेटा पलीकडून ओढत असाल आणि तिथल्या ‘.बॅशआरसी’मध्ये कुणी हौसेनं स्वागताचा संदेश छापत असेल, तर तोही डेटाच्या प्रवाहात मिसळतो. ‘एसएसएच जुना-सर्व्हर ट्रू’ अशी कमांड देऊन बघा, स्क्रीनवर एक अक्षरही यायला नको.

विंडोजवर डम्प घेत असाल तर पॉवरशेलच्या ‘>’पासून दूर राहा. पॉवरशेल ५.१ मध्ये ते चिन्ह फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहितं. फाइल दुप्पट होते आणि लिनक्सवर भरत नाही. वर ‘रिझल्ट-फाइल’ लिहिलंय ते यासाठीच.

पायरी चौथी: भरणं

भरताना एरर आला की संदेशात ओळीचा क्रमांक असतो. तो घ्या आणि ती ओळ बघा:

सेड -एन '४१२पी' ग्रंथालय.एसक्यूएल | कट -सी १-३००

‘कट’ आवश्यक आहे, कारण एका इन्सर्टची ओळ लाखो अक्षरांची असू शकते आणि टर्मिनल गोठतं. ‘--फोर्स’ लावून एरर गिळायचा मोह आवरा. त्यानं भरणं पूर्ण होतं, पण काय राहिलं ते कुणालाच कळत नाही.

‘मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे’, एरर २००६, किंवा ११५३: एखादी ओळ पाकिटाच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे. सभासदांचे फोटो किंवा पीडीएफ टेबलातच साठवलेले असतील तर हे ठरलेलंच. ‘मॅक्स_अलाउड_पॅकेट’ सर्व्हरवर ८ मध्ये ६४ एमबी आणि ५.७ मध्ये फक्त ४ एमबी असतं, क्लायंटवर १६ एमबी. दोन्ही बाजूंना वाढवायचं, फक्त सर्व्हरवर वाढवून भागत नाही. कमाल मर्यादा १ जीबी. पाकीट पुरेसं असूनही २००६ येत असेल तर सर्व्हर खरंच गेला असेल: १ जीबी रॅमच्या लहान क्लाउड मशीनवर लिनक्सनं मेमरीअभावी मायएसक्यूएलला मारलेलं असतं. ‘डीमेसग’मध्ये त्याची नोंद सापडते.

‘अननोन कोलेशन यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय’, एरर १२७३: मायएसक्यूएल ८ मधून खाली किंवा मारियाडीबीत चालला आहात. फाइलमध्ये ते नाव बदलून ‘यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय’ करा. कोलेशन बदललं की कोणते दोन शब्द समान मानायचे याचा नियमही बदलतो. आधी वेगळी असलेली दोन नावं आता एकच ठरून युनिक इंडेक्सवर एरर १०६२ येऊ शकतो, त्याचं आश्चर्य वाटू देऊ नका.

मारियाडीबीच्या डम्पवर पहिल्याच ओळीला ‘अननोन कमांड’ असा एरर आला, तर ती सँडबॉक्स मोडची ओळ आहे. २०२४ च्या मेपासूनच्या मारियाडीबीच्या आवृत्त्या सुरक्षेसाठी ती डम्पच्या सुरुवातीला घालतात, जुन्या क्लायंटला ती समजत नाही. ‘टेल -एन +२’ने पहिली ओळ गाळून बाकी फाइल भरा.

एरर १२२७, सुपर अधिकार हवा: प्रोसीजर, ट्रिगर किंवा व्ह्यूवर जुन्या सर्व्हरच्या मालकाचं नाव ‘डेफिनर’ म्हणून कोरलेलं असतं, आणि दुसऱ्याच्या नावानं ते तयार करायला विशेष अधिकार लागतो. व्यवस्थापित क्लाउड सेवेत तो मिळत नाही. सेड वापरून डेफिनरचा भाग काढून टाका, म्हणजे भरणारा वापरकर्ताच मालक होतो. हेच दुखणं कधी उशिरा उघड होतं: भरणं बिनबोभाट पार पडतं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट उघडताना १४४९ येतो, डेफिनर अस्तित्वात नाही.

‘००००-००-००’ अशा शून्य तारखा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सर्रास असतात. ५.७ पासून डीफॉल्ट मोड कडक झाला, त्यामुळे १०६७ किंवा १२९२ येतो. भरण्यापुरता मोड सैल करता येतो, पण नंतर त्या तारखा नल करून घ्या. दर आवृत्तीला हेच दळण दळत बसायला नको.

फार हळू भरत असेल तर ‘इनोडीबी_बफर_पूल_साइझ’ बघा. डीफॉल्ट १२८ एमबी मोठ्या डेटाला अगदीच तोकडं आहे. भरेपर्यंत ‘इनोडीबी_फ्लश_लॉग_अ‍ॅट_टीआरएक्स_कमिट’ २ करा आणि झाल्यावर न विसरता १ वर आणा.

मराठी अक्षरांचं काय झालं?

इथे मात्र सावकाश चला. डेटाबेस पुण्यातल्या संस्थेचा असेल तर त्यात मराठी असणारच, आणि या भागात झालेलं नुकसान एररशिवाय होतं. ओळी मोजल्या तर जुळतात, वाचायला गेलं की कळतं.

तीन लक्षणं आहेत. मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसणं, वरती टिंब-रेघा असलेल्या लॅटिन अक्षरांची रांग दिसणं, आणि इंग्रजी अक्षरांचा अगम्य गुंता दिसणं. डोळ्यांवर विसंबू नका, कारण टर्मिनलही फसवतं. प्रत्यक्ष बाइट बघा. ज्या नावाचं पहिलं अक्षर ‘प’ आहे अशी ओळ घ्या, समजा ‘पर्वती’, आणि ‘सिलेक्ट हेक्स(गाव)’ चालवा.

सुरुवात ‘ई०ए४एए’ अशी झाली तर ‘प’ यूटीएफ-८ मध्ये नीट साठलेला आहे. चूक असेल तर ती दाखवण्यात आहे, जोडणीचा कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ करा.

सुरुवात ‘सी३ए०सी२ए४सी२एए’ अशी असेल तर अक्षर दोनदा एन्कोड झालं आहे. जुनं सॉफ्टवेअर यूटीएफ-८ चे बाइट देत होतं आणि टेबल मात्र लॅटिन१ चं होतं. जुन्या ठिकाणी दोन्ही चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून सगळं ठीक दिसायचं. हलवताना डम्पनं ते प्रामाणिकपणे लॅटिन१ मधून यूटीएफ-८ मध्ये बदललं आणि गोंधळ उघडा पडला. उपाय जुन्या सर्व्हरवरच आहे. डम्प पुन्हा घ्या, ‘--डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=लॅटिन१’ आणि ‘--स्किप-सेट-चारसेट’ लावून. यामुळे बाइट न बदलता जसेच्या तसे बाहेर येतात. मग फाइलमधल्या टेबलांच्या व्याख्येत लॅटिन१ च्या जागी यूटीएफ८एमबी४ लिहा आणि यूटीएफ८एमबी४ जोडणीनेच भरा. आधी एका टेबलावर करून हेक्स बघा. काही ओळी दुहेरी आणि काही साध्या अशी मिसळ असेल तर हा उपाय सरसकट लावू नका, साध्या ओळी बिघडतील.

हेक्समध्ये नुसता ‘३एफ’ ‘३एफ’ दिसला तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हं आहेत. मूळ अक्षर गेलं. कोणतीही कमांड ते परत आणत नाही, जुन्या सर्व्हरवरून पुन्हा आणावं लागतं. म्हणून जुना सर्व्हर घाईनं पुसू नका.

तिसरं लक्षण पुण्यात विशेष भेटतं. युनिकोड रुळण्यापूर्वी इथे मराठीचं बरंचसं काम श्री-लिपीसारख्या फॉन्टवर झालं. श्री-लिपी मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्याच कंपनीची. सीडॅकही इथलंच, १९८८ पासूनचं, आणि त्यांच्या जिस्ट या भारतीय लिपींसाठीच्या तंत्रावर आधारित सॉफ्टवेअर सरकारी कचेऱ्यांत पोचलं. फॉन्टवर आधारलेल्या डेटात साठलेले बाइट इंग्रजी अक्षरांचे असतात, फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. असा डेटा हलवताना बिघडलेला नसतो, तो तसाच होता. कॅरेक्टर सेट बदलून तो कधीही सुधारणार नाही. आधी आहे तसा हलवा, मग त्या त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये न्या. दोन्ही कामं एकदम करू नका.

एक बारीक गोष्ट. जुन्या ‘यूटीएफ८’ सेटमध्ये एका अक्षराला तीनच बाइट मिळतात. देवनागरी तेवढ्यात बसते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला जाणवत नाही. इमोजीला चार बाइट लागतात. सभासदाच्या अभिप्रायात एक इमोजी आला की तिथे अडतं. हलवतानाच यूटीएफ८एमबी४ करून टाका. ५.६ काळातल्या टेबलांवर २५५ अक्षरांच्या इंडेक्ससाठी एरर १०७१ आला तर तो ७६७ बाइटच्या जुन्या मर्यादेमुळे. रो फॉरमॅट ‘डायनॅमिक’ केला की ५.७ पासून मर्यादा ३०७२ बाइट होते.

पायरी पाचवी: पडताळणी आणि बदलाची वेळ

ओळींची संख्या ‘काउंट(*)’नेच मोजा. इन्फर्मेशन स्कीमातला ‘टेबल_रोज’ हा आकडा इनोडीबीसाठी अंदाज असतो, तो जुळला नाही म्हणून घाबरू नका आणि जुळला म्हणून निर्धास्तही होऊ नका. टेबलं, व्ह्यू, प्रोसीजर, ट्रिगर, इव्हेंट यांची संख्या दोन्हीकडे मोजा. ‘चेकसम टेबल’ एकाच आवृत्तीत उपयोगी, आवृत्ती बदलली की निकाल वेगळा येऊ शकतो. पैशांच्या टेबलांवर महिनावार बेरजा काढून जुळवणं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण ती संस्थेच्या हिशेबनीसालाही तपासता येते.

वेळेकडे खास लक्ष द्या. क्लाउडचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ‘टाइमस्टँप’ स्तंभ डम्प सांभाळून नेतो, पण नव्या सर्व्हरवर ‘नाऊ()’ने भरलेल्या नोंदी मागे पडतात. भोसरीच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीची रात्री दोनची नोंद आदल्या दिवसाच्या तारखेला लागते आणि पगारपत्रक चुकतं. ‘डीफॉल्ट_टाइम_झोन’ +०५:३० ठेवा आणि ‘सिलेक्ट नाऊ()’ घड्याळाशी ताडून बघा.

इव्हेंट दोन्हीकडे चालू राहिले तर सभासदांना थकबाकीचे एसएमएस दोनदा जातात. बदल होईपर्यंत नव्यावरचा शेड्युलर बंद, झाल्यावर जुन्यावरचा बंद.

प्रत्यक्ष बदलासाठी पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या ग्राहकांना गुरुवार सोयीचा, कारण तिथली साप्ताहिक सुट्टी परंपरेनं गुरुवारी असते. पेठेतल्या ग्रंथालयाला त्यांच्या सुट्टीचा वार विचारा. त्या दिवशी जुन्या सर्व्हरवर ‘सुपर_रीड_ओन्ली’ चालू करा. मारियाडीबी असेल तर ‘रीड_ओन्ली’. मग शेवटचा डम्प घ्या. हे न करता घेतलेल्या डम्पनंतर आलेल्या पावत्या जुन्याच सर्व्हरवर राहतात आणि त्या हातानं उतरवाव्या लागतात.

पोस्टग्रेस असेल तर

तत्त्व तेच, खाचा वेगळ्या. पीजी_डम्प सर्व्हरपेक्षा जुना असेल तर तो ‘व्हर्जन मिसमॅच’ म्हणून सरळ नकार देतो; नव्या सर्व्हरवरचा पीजी_डम्प वापरून जुन्याशी जोडा. ‘-एफसी’ फॉरमॅटमध्ये घ्या, म्हणजे पीजी_रिस्टोअरला ‘-जे ४’ देऊन समांतर भरता येतं आणि एखादंच टेबल काढता येतं. वापरकर्ते डम्पमध्ये येत नाहीत, त्यासाठी ‘पीजी_डम्पऑल --ग्लोबल्स-ओन्ली’. ते नको असतील तर भरताना ‘--नो-ओनर’. साधी एसक्यूएल फाइल पीएसक्यूएलने भरत असाल तर ‘ऑन_एरर_स्टॉप=१’ द्याच, नाहीतर तो एररवरून उड्या मारत शेवटपर्यंत जातो. भरून झाल्यावर ‘अ‍ॅनालाइज’ चालवा. ते राहिलं की ‘नवा सर्व्हर जुन्यापेक्षा हळू’ अशी तक्रार दुसऱ्याच दिवशी येते.

मागचं आवरताना

डम्पच्या फाइलमध्ये सभासदांची नावं, पत्ते, मोबाइल क्रमांक उघड्यावर असतात. ती लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेबसाइटच्या ‘पब्लिक_एचटीएमएल’मध्ये राहून जाते, जिथून पत्ता ओळखणारा कुणीही ती उतरवू शकतो. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे ही. दोन्ही सर्व्हरवर ‘फाइंड’ने ‘.एसक्यूएल’ आणि ‘.एसक्यूएल.जीझेड’ शोधा. ठेवायची ती एक प्रत एन्क्रिप्ट करून संस्थेच्या जबाबदार व्यक्तीकडे द्या, बाकीच्या पुसा, आणि हलवण्यासाठी तयार केलेला तात्पुरता वापरकर्ता दोन्हीकडून ‘ड्रॉप यूजर’ करा.